ताई, ते आरएनवाय, एसडब्ल्यू आणि एनएसव्ही म्हणजे काय ओ?

प्रश्न : ताई नमस्कार. मी साताऱ्याची, शाहूपुरीत राहते. वय 43, उंची 160 सेंटीमीटर, वजन 110 किलो. शुगर आहे, गुडघे तर पार गेलेत. डॉक्टरांनी वजनाचं ऑपरेशन सुचवलंय, म्हणाले आधी ऑपरेशन झालेल्या लोकांना भेटून या, त्यांची महिन्यातनं एकदा मीटिंग असते. जावेला घेऊन गेले. माणसं चांगली होती ओ पण बोलत काय होती ते निम्मं कळलंच नाही. एक जण म्हणे माझं आरएनवाय, दुसरी म्हणे माझी व्हीएसजी, एकीनं सांगितलं एसडब्ल्यू 124 सीडब्ल्यू 81 आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग एकीनं एनएसव्ही सांगितली तर बायकांच्या डोळ्यात पाणी आलं. मीपण टाळ्या वाजवल्या पण कशासाठी ते माहीत नव्हतं. शिक्षण मराठीतनं बारावीपर्यंत, विचारायची लाज वाटली. घरी येऊन कॅलेंडरच्या मागं आठवतील तेवढे शब्द लिहून ठेवलेत. सांगाल का?

उत्तर : ताई, लाज अजिबात वाटू देऊ नका. मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून अशा पेशंटबरोबर रोज बसते आणि तुम्हाला खरं सांगते, त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे शब्द असेच डोक्यावरनं गेलेले असतात. तुम्ही घरी येऊन लिहून ठेवलेत हे फार चांगलं केलंत, कारण यातला एकेक शब्द कळला की डॉक्टरांना काय विचारायचं तेपण कळतं.

आधी ऑपरेशनची नावं. व्हीएसजी म्हणजे व्हर्टिकल स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, बोलताना नुसतं स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी बारीक नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन बरंचसं त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच कमी लागते. काढलेलं जठर परत बसवता येत नाही हे लक्षात ठेवा. आणि ज्यांना आधीपासून घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं, त्यांचा तो त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. फाइलवर कुठं जीईआरडी लिहिलेलं दिसलं तर ते हेच, आणि मग स्लीव्ह की बायपास हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.

आरएनवाय म्हणजे रू-आँ-वाय. रू हे स्वित्झर्लंडच्या सर्जनचं आडनाव, सेझार रू, आणि वाय म्हणजे इंग्रजी वाय अक्षर, कारण आतडं जोडल्यावर तसा आकार होतो. यात जठराचा वरचा छोटासा भाग वेगळा करून पिशवी करतात, साधारण 30 मिली, म्हणजे आमटीचे दोन मोठे चमचे बसतील एवढीच. आतडं या पिशवीला जोडतात, आणि तिलाच सगळे पाऊच म्हणतात. उरलेलं जठर पोटातच राहतं पण अन्न तिकडं जात नाही, म्हणून बायपास. तुम्ही गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर हे आत्ताच सांगा, कारण बायपासनंतर अशा पेनकिलरनं जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, त्या साधारणपणे बंदच करतात.

एमजीबी आणि ओएजीबी असं ऐकलं असेल तर गोंधळू नका, ती एकाच ऑपरेशनची दोन नावं आहेत, मिनी बायपास, त्यात आतडं दोन ऐवजी एकाच ठिकाणी जोडतात. डीएस म्हणजे ड्युओडेनल स्विच, हे त्याहून मोठं ऑपरेशन, त्यात अन्न अंगाला लागणं जास्तच कमी होतं त्यामुळं व्हिटॅमिनची काळजीही जास्त. लॅप बँड म्हणजे जठराला वरच्या बाजूला पट्टा बसवायचा, ते हल्ली फारसं कोणी करत नाही.

आता ते आकडे. एचडब्ल्यू म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात जास्त वजन, सीडब्ल्यू आजचं, जीडब्ल्यू जिथं पोचायचंय ते. एसडब्ल्यूचे मात्र दोन अर्थ आहेत आणि घोळ इथंच होतो. कोणी ते ऑपरेशनच्या दिवशीचं वजन म्हणून सांगतं, कोणी उपचार सुरू केले त्या दिवशीचं. मध्ये लिव्हर लहान व्हावं म्हणून दोनेक आठवडे डाएट असतो त्यातच काही किलो उतरलेले असतात, म्हणजे दोघींचे आकडे शेजारी ठेवून आपण मनातल्या मनात तुलना करतो ती चुकीचीच निघते.

टक्क्यांचंपण तसंच आहे. तुमचंच उदाहरण घेते. 110 किलो, उंची 1.6 मीटर, तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, झाला 43. बीएमआय 25 यायला वजन हवं 64, म्हणजे जादाचं वजन 46 किलो. समजा तुमचे 23 किलो कमी झाले. ईडब्ल्यूएल म्हणजे जादाच्या वजनातलं किती गेलं, ते झालं 50 टक्के. टीडब्ल्यूएल म्हणजे एकूण वजनातलं किती गेलं, ते झालं 21 टक्के. बाई तीच, वजन तेच, आणि एक आकडा ऐकून छाती फुगते तर दुसरा ऐकून रडू येतं, मी हे रडू प्रत्यक्ष बघितलंय म्हणून सांगते, कोणीही टक्के सांगितले की आधी विचारा कशाचे टक्के. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडनं वनडरलँड हा शब्द आला तर तिकडं पौंडात मोजतात, 200 पौंडाच्या खाली आलं की त्यांचं ते वनडरलँड, आपल्या हिशेबात 90 किलो 700 ग्रॅम.

डम्पिंग हा शब्द मात्र नीट समजून घ्या, साताऱ्यात राहता म्हणून मुद्दाम सांगते. बायपासनंतर कंदी पेढा किंवा ग्लासभर उसाचा रस घेतला की साखर एकदम आतड्यात उतरते, आतडं तिकडं पाणी ओढून घेतं, आणि अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा, जुलाब, आडवं पडावंसं वाटतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, त्यात शरीरात इन्सुलिन जास्त सुटतं आणि शुगर खाली जाते. तुम्हाला शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या ऑपरेशननंतर लगेच कमी कराव्या लागू शकतात, ते डॉक्टर ठरवतील, स्वतः कमीजास्त करू नका. आणि घरच्यांना हे आधीच समजावून सांगा नाहीतर सणाला कोणीतरी प्रेमानं एवढासा पेढा खा म्हणून हातावर ठेवणारच.

स्लायडर म्हणजे तोंडात विरघळून सुळकन खाली उतरणारं खाणं. चहाबिस्कीट, खारी, वेफर्स, आमच्याकडचं भडंगपण त्यातलंच. पोट भरल्याचं कळत नाही आणि दिवसभर खाल्लं जातं, वजन परत चढायला सुरुवात बरेचदा इथनंच होते. हेड हंगर म्हणजे पोट भरलेलं असताना मनाला लागलेली भूक. रेस्ट्रिक्शन म्हणजे चार घासांत बास वाटणं.

आणि ती एनएसव्ही. नॉन-स्केल व्हिक्टरी, म्हणजे वजनकाट्यावर न दिसणारी जीत. एसटीत दोनच्या सीटवर शेजारच्याला अंग न चोरता बसता आलं, पंगतीत मांडी घालून जेवता आलं, सज्जनगडाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढता आल्या. माझी एक पेशंट पायातल्या सँडलचा पट्टा स्वतः वाकून लावला म्हणून फोनवर रडली होती, कितीतरी वर्षं तो तिची मुलगी लावायची. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या अगदी योग्य गोष्टीला वाजवल्यात.

प्रश्न : माझ्या आईचं बायपास होऊन 22 दिवस झाले. आठवडा झाला वजन हललं नाही. जुने पेशंट म्हणतात स्टॉल आहे, होतो सगळ्यांना. पाच दिवस रोज उलट्या होतायत, पाणीसुद्धा राहत नाही, त्यालापण म्हणाले फोमी आहे, होतं नॉर्मल. थांबू का अजून? – तासगाव

उत्तर : थांबू नका. हे छापून यायची वाट न बघता मी तुम्हाला त्याच दिवशी कळवलंय, पण इतरांसाठी इथं लिहिते.

स्टॉल खरंच होतो, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच जणांना. सुरुवातीला शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं, त्याबरोबर पाणी जातं म्हणून काटा भराभर उतरतो, मग ते परत भरताना पाणी धरून ठेवलं जातं आणि काटा अडतो. त्याची काळजी नको.

फोमी म्हणजे भरभर खाल्लं, नीट चावलं नाही, घास अडकला की तोंडाशी येणारा फेस. एखाद्या वेळी येतो आणि घास उतरला की थांबतो. पाच दिवस पाणी न राहणं हे फोमी नाही. त्यात अंगातलं पाणी जातं, आणि थायमिन म्हणजे बी1 व्हिटॅमिन संपत जातं, त्याचा साठा शरीरात काही आठवड्यांपुरताच असतो. ते संपलं तर चालताना तोल जातो, डोळ्यांना दोन दोन दिसतं, माणूस गोंधळतो, आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. अशा वेळी सलाइन लावायच्या आधी डॉक्टरांना सांगा की बायपास झालंय आणि इतके दिवस उलट्या आहेत, कारण नुसतं ग्लुकोज चढवायच्या आधी थायमिन द्यावं लागतं. जोड अरुंद झालाय का तेही बघतील. तसंच ताप, नाडी खूप जोरात, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं यातलं काही आलं तर रात्र असली तरी हॉस्पिटलला न्या, त्याला लीकची शक्यता म्हणतात, जोडातनं किंवा टाक्यातनं गळती.

जुने पेशंट मनापासून धीर देतात, त्यांचा राग नाही माझा. पण एखाद्या त्रासाला ओळखीचं नाव मिळालं की तो छोटा वाटायला लागतो ही भीती मला कायम असते.

प्रश्न : विम्याच्या पॉलिसीत एक्सक्लूजन झिरो सिक्स असं लिहिलंय, एजंट म्हणतो लठ्ठपणाचं काहीच मिळत नाही. खरं का? – इस्लामपूर

उत्तर : पूर्ण खरं नाही. त्या कलमाखाली लठ्ठपणाचा खर्च वगळलेला असतो पण त्यातच अपवाद दिलाय. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय 18 किंवा जास्त, आणि बीएमआय 40 किंवा त्यावर, किंवा 35 किंवा त्यावर असून सोबत कंट्रोलमध्ये नसलेला टाइप 2 डायबेटिस, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयाचा आजार असं काही, आणि वजन कमी करायचे बाकीचे उपाय करूनही गुण आलेला नसावा. वेटिंग पीरियड किती ते तुमच्या पॉलिसीत बघा, कंपनीकडनं उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : स्लीव्ह होऊन सहा महिने. केस मूठमूठ गळतायत आणि सासूबाई म्हणतात आता बाळाचं बघा. – कराड

उत्तर : केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन दिवसाला 60 ग्रॅमच्या वर जातंय का बघा, आयर्न, फेरिटिन (त्यावरनं अंगातला लोहाचा साठा कळतो) आणि बी12 ची तपासणी करा, आयर्न आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नको, मध्ये दोन तास ठेवा. बाळासाठी ऑपरेशनपासून 12 ते 18 महिने थांबायला सांगतात कारण वजन उतरत असताना पोटातल्या बाळाला पोषण कमी पडू शकतं. आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस लवकर राहू शकतात, म्हणून तोवर काय साधन वापरायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. सासूबाईंना एकदा तपासणीला सोबत घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी.