आजोबांच्या लायसन्सच्या १२ बोरची नळी घरी कापून छोटी करता येते का?
नाही, घरी तर अजिबात नाही, बंदूक तुमच्या नावावर लायसन्सची असली तरी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ६ नीट वाचा, नळी आखूड करायला वेगळं लायसन्स लागतं, बंदूक बाळगायचं लायसन्स त्याला चालत नाही, आणि कलम २५(१) खाली शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आहे, म्हणजे हॅक्सॉ हातात घ्यायच्या आधी विचार करा. यूट्यूबवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात, तिथे किमान १८ इंचाची नळी (आणि पूर्ण बंदूक किमान २६ इंच) फेडरल कायद्याने चालते, त्याखाली जायचं तर तिथेही १९३४ च्या कायद्याप्रमाणे आधी मंजुरी लागते. शिवाय जुन्या डबल बॅरलला (दोन नळ्यांच्या बंदुकीला) चोक, म्हणजे नळीचा किंचित अरुंद केलेला भाग, नळीच्या टोकालाच असतो, तो कापला की छर्रे जास्त पसरतात, बंदुकीची किंमत जाते ती वेगळीच. फक्त बंदूक खांद्याला लांब पडते एवढाच त्रास असेल तर लाकडी दस्ता लायसन्सवाल्या गनस्मिथकडून कमी करून घ्या, कलम ६ मधली ही अट नळीची आहे, दस्त्याची नाही.