नानांचा विषय घरात काढायचा की नाही?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मांजरा धरणाजवळच्या एका गावातून एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन समुपदेशनासाठी लातूरला माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलाचं पोट दुखायचं. रोज नाही, पण रविवारी सकाळी हमखास. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, सोनोग्राफी केली, काहीच निघालं नाही. शेवटी त्यांनीच माझ्याकडे पाठवलं होतं.

"रविवारी काय असतं?" मी विचारलं.

बाईंनी मुलाकडे बघून आवाज खाली आणला. "सासरे त्याला गळ टाकायला न्यायचे. जूनमध्ये वारले ते. पण मॅडम, त्याच्यासमोर नको तो विषय. घरात आम्ही कुणीच काढत नाही."

गेलेल्या माणसाचा विषय काढला की दुःख उकरलं जातं का, हे मला इतक्या वेळा विचारलं जातं की या घराबद्दल जरा सविस्तर लिहिते.

हे सासरे, म्हणजे नाना, ७५व्या वर्षी हृदयविकाराने गेले. शेती, गोठा, तीन लेकरांची लग्नं, भावकीतले तंटे, सगळं निभावलेला माणूस. शिकार, मासे आणि चूल यांत त्यांचा जीव होता. तरुणपणी वाघर, म्हणजे जाळं, लावून ससे धरायचे. चुलत्याकडे ठासणीची बंदूक होती. १९७२ साली मराठवाड्यात दुष्काळ पडला, रानं उजाड झाली, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदाही आला. नानांनी वाघर माळ्यावर टाकली ती पुन्हा काढली नाही. उपाशी रानातून काय न्यायचं, असं म्हणायचे म्हणे. १९९१च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद झाली, तोवर नाना पक्के गळवाले झाले होते. ज्वारीच्या धाटाचं भेंड सोलून गळाच्या दोरीवरचा तरंग करायचा, मरळीला बेडकी लावायची, चिलापीला कणकेची गोळी. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यातही नाना रविवारी धरणाच्या भेगाळलेल्या तळाशी जाऊन बसून यायचे.

आजी माळकरी. घरात सामिष शिजत नाही. म्हणून गोठ्यामागं तीन दगडांची चूल आणि वेगळं जर्मनचं पातेलं. आपल्याकडे मटण-मासे बाहेर पुरुषांनीच करायचे ही रीत बऱ्याच घरांत आहे, पण नाना तेवढ्यावर थांबणारे नव्हते. येसरासाठी, म्हणजे रश्श्यात घालायच्या मसाल्याच्या पिठासाठी, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, एकत्र भाजली की एक करपतं आणि एक कच्चं राहतं, हे सुनेला शिकवलं तेही त्यांनीच. हे सांगताना त्या माऊलीचा चेहरा उजळला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना नानांबद्दल विचारत होतं.

तेराव्यानंतर चारच दिवसांत थोरल्या मुलानं, म्हणजे या पोराच्या वडिलांनी, गळ, दोऱ्या, पातेलं, सगळं देऊन टाकलं. चूलही मोडली. ते बघून आई रडायची म्हणून. यात मला फक्त माया दिसते. आईला रडताना बघणं त्या लेकाला सोसत नव्हतं. शिवाय त्यांना एक वेगळीच भीती होती: "शिकारीचं पोराच्या कानावर नको. शाळेत सांगून बसेल."

मुलाशी मी एकटी बोलले. त्यानं चित्र काढलं. पाणी, पाण्यावर तरंग, माणूस एकही नाही. मी विचारलं, "तरंग बुडाला की लगेच ओढायचं?"

"नाही. नाना म्हणायचे, त्याला गिळू दे. घाई केली की सुटतो." मग तो दहा मिनिटं बोलत राहिला, नानांच्या शब्दांत, नानांसारखेच हात करून. आणि एकदम थांबला.

"त्या रविवारी मी गेलो नव्हतो. क्रिकेट होतं."

नाना सोमवारी गेले होते. आपण गेलो असतो तर नाना मेले नसते, असं त्या लेकरानं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि हे पाच महिने एकट्यानं सांभाळलं होतं. विचारणार तरी कुणाला? त्या घरात नानांचं नावच निघत नव्हतं.

मुलांचं असं होतं. मोठ्यांनी कारण सांगितलं नाही की ती स्वतः कारण शोधतात आणि बहुतेक वेळा स्वतःलाच धरतात. 'देवाघरी गेले', 'झोपले' हे शब्दही लहानांना गोंधळात टाकतात. वारले, मेले, असं साधं सांगावं. मी वडिलांना बोलावलं आणि सांगितलं, हे त्याला तुम्हीच समजावा. ते पोरासमोर खाली बसले. "बाळा, नानांच्या हृदयाला रक्त नेणारी नळी बंद पडली. तू धरणावर असतास तरी पडली असती. मी असतो तरी पडली असती." शेवटचं वाक्य मी सुचवलेलं नव्हतं. ते बोलताना त्यांचाच बांध फुटला. बाप रडतोय हे पोरानं पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांच्या मांडीत जाऊन बसलं.

पुढच्या भेटीत माझी चूक झाली. सगळं घर आलं होतं. मी सुचवलं, नानांच्या हातचा माशाचा रस्सा सगळ्यांनी मिळून करा. आजी ताडकन उठल्या. "माझ्या दारात मासा शिजवून मला त्यांची आठवण काढायला लावता का, बाई?"

त्यांचं बरोबर होतं. नातवाला जी गोडी, तेच आजीचं पन्नास वर्षांचं भांडण. एकाच माणसाचं दुःख घरात प्रत्येकाचं वेगळं असतं, हे शिकवणारी मीच ते विसरले होते. मी माफी मागितली. आजी बसल्या, आणि मग त्याच बोलायला लागल्या. "माणूस लई चांगला. पण माझ्या तुळशीपाशी खवले टाकायचा. कितीदा सांगितलं, माय!" सून हसली, थोरला हसला, आणि हसता हसता आजी रडल्या. त्या खोलीत नाना पहिल्यांदा खरे आले: मायाळू, हट्टी, तुळशीपाशी खवले टाकणारे.

१९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी मांडलं की शोक म्हणजे गेलेल्याशी नातं तोडणं नव्हे. ते नातं बदलून पुढे चालू राहतं. त्याआधी पाश्चात्त्य मानसशास्त्रात तोडण्यावरच भर होता. पितराचं पान ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे मुळात नवीन नाही, फक्त पानासोबत बोलणंही हवं. दुःख विषय काढल्यानं तयार होत नाही, ते आधीच असतं. रडू आलं तर येऊ द्यावं. मात्र सहा महिने, वर्ष उलटूनही ओढ जराही सैल होत नसेल, जेवण-झोप-काम ठप्प असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ते नुसतं आठवणीचं दुःख राहत नाही. तेव्हा मदत घ्यावीच. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो.

शिकारीबद्दल मी थोरल्याला म्हटलं, खरं सांगा. आजोबा शिकार करायचे, आता तो गुन्हा आहे, आणि त्यांनी स्वतःच ती सोडली. नऊ वर्षांच्या मुलाला हे तिन्ही एकदम कळतं. नुसते सोज्वळ नाना त्याला अनोळखी वाटतील.

सुरुवात रश्श्यानं नाही, येळवशीनं झाली. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप, आंबील, खीर, उंडे. भज्जी, म्हणजे या दिवशीची मिश्र भाजी, दरवर्षी नाना करायचे, यंदा सुनेनं केली. चिंच जास्त पडली, आणि ती नानांचीही जास्तच पडायची, यावर आजी आणि नातू यांचं एकमत झालं.

फेब्रुवारीत थोरला फोनवर म्हणाला, पोट अजून कधी कधी दुखतं, पण आता पोरगं "नानांचं दुखतंय" म्हणून सांगतं. नवा गळ आणला. थोरल्याला गाठ मारता येत नव्हती, ती पोरानं शिकवली. चार तासांत एक चिलापी मिळाली. गोठ्यामागं पुन्हा तीन दगड मांडले. सून येसर घालायला लागली तेव्हा आजी ओसरीवर माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी तो रस्सा आयुष्यात कधी चाखलेला नाही. तिथूनच त्या म्हणाल्या, "मूठभर नको गं. ते अर्धी मूठच घालायचे."