मधुचंद्राच्या खर्चाचा कागद

गुहागर, श्रावण शुद्ध पंचमी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा खर्चाचा कागद मिळाला. तुळशीचे लग्न लागले की तुमचे, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थायलंड: फुकेत, फी फी, क्राबी, को लांता आणि को सामुई, म्हणजे आठ रात्रींत पाच मुक्काम. विमान, हॉटेल आणि जेवण यांचे आकडे तू काळजीपूर्वक मांडले आहेस. पण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याला कागदावर जेमतेम एक ओळ दिली आहेस, आणि अशा सहलीत अंदाजपत्रक नेमके तिथेच फाटते.

दाभोळ-धोपावे फेरीबोट चुकली की दापोली, खेड, चिपळूण असा केवढा वळसा पडतो, हे तुला सांगायला नको. तिकडे बहुतेक बेटांना तर वळशालाही रस्ता नाही. त्यामुळे प्रत्येक ओलांडणीचा हिशोब वेगळा मांड: हॉटेलपासून धक्क्यापर्यंत गाडी, दोघांची बोटीची तिकिटे, पलीकडे उतरल्यावर पुन्हा गाडी, मधले जेवण. शिवाय सकाळी खोली सोडायची आणि दुसरी दुपारनंतर मिळायची, म्हणजे पैसे भरूनही अर्धा दिवस सामान सांभाळण्यातच जातो.

को सामुई काढून टाक. फुकेत, क्राबीकडचा किनारा आपल्यासारखाच पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि नोव्हेंबर ते एप्रिल तिथे उघाडी असते. सामुई मात्र पूर्वेकडच्या आखातात आहे. चेन्नईला भिजवणारा ईशान्येचा मोसमी वारा तिथेही ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस आणतो. को लांताही या खेपेला राहू दे. फुकेतला उतरून बोटीने फी फी, तिथे तीन रात्री. मग बोटीने क्राबी, तिथे चार. क्राबीहून आसपासची बेटे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊन पाहता येतात, बॅगा खोलीतच राहतात. शेवटची रात्र फुकेतला, आणि तिथवर रस्त्याने जायचे, तीनेक तासांत पोहोचता.

रस्त्याने का, ते अनुभवाने सांगतो. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा मी बोट आणि परतीचे विमान एकाच दिवशी ठेवले होते. समुद्र खवळला, सकाळची बोट रद्द झाली, विमान गेले. धक्क्यावरच्या बाकावर तुझ्या काकूने पर्समधल्या दमट नोटा मांडीवर पसरून दोनदा मोजल्या, आणि मग एकही शब्द न बोलता त्या पुन्हा घडी करून ठेवल्या. त्या दिवशी काढलेली दोन नवी तिकिटे आमच्या साऱ्या हॉटेलांपेक्षा महाग पडली. म्हणून एकूण खर्चाचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला ठेव आणि त्याला हात लावू नकोस.

बारीकसारीक खर्चही लिही. फी फीजवळच्या माया बे या किनाऱ्याचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला 400 बाट (तिथले चलन) आहे. स्वस्त विमानांत हातातले सामान बहुधा सातच किलो चालते, जास्तीच्या बॅगेचे पैसे आत्ताच भर. कार्ड वापरताना यंत्राने रुपये की बाट असे विचारले, तर बाटच निवड. सहल एजंटकडून घेतलीस, तर तो टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, किमतीवर वेगळा घेईल. ती रक्कम आयकर विवरणपत्र भरताना वळती होते, पण तोवर अडकून पडते, हे धरून चाल. सूनबाईंचे तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने काढ. नाव बदलायचे असेल, तर परत आल्यावर बदला.

आणि आहेराची पाकिटे हाती येण्याआधी जमेत धरू नकोस. तू तसे धरले आहेस, दुसऱ्या ओळीत. ती ओळ खोडून जेवढे उरते, त्यातच ही सहल बसव. दोन मुक्काम कमी केल्यावर ती बसते, मी बेरीज करून पाहिली आहे. यासाठी कर्ज काढावे असे मला मुळीच वाटत नाही.

गणपतीला घरी येशील, तेव्हा सुधारलेला कागद घेऊन ये. काकूलाही तो पाहायचा आहे.

तुझा,
काका