तोंडाची वाफ आणि इंजिनाची वाफ

प्रश्न : मुलगी नववीला आहे. 'लेट ऑफ स्टीम' म्हणजे 'तोंडाची वाफ दवडणे' असं तिने लिहिलं, तर बाईंनी फुली मारली. वाफ दोन्हीकडे आहे, मग अडलं कुठे? आणि 'रन आउट ऑफ स्टीम' म्हणजे काय?
— एक पालक, सावदा

उत्तर : ताई, फुली बरोबर आहे. माझी सगळी नोकरी भुसावळच्या लोको शेडात गेली, त्यामुळे ही वाफ ओळखीची. बॉयलरचा दाब ठरल्यापेक्षा वर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उचलला जायचा आणि वाफ अशी फुसांडत सुटायची की शेजारचा काय बोलतो ते कळत नसे. काटा उतरला की व्हॉल्व्ह बसला, इंजिन गप्प. सुटली नाही तर बॉयलरच फुटायचा. म्हणून साचलेला राग कुणाचं नुकसान न करता मोकळा करणं, हा तिचा अर्थ. कापसाचा भाव पडला की जिनिंगच्या फाटकावर मंडळी तावातावाने भांडतात आणि मग एकाच टपरीवर चहा घेतात, तेच हे. आपल्याकडे 'भडास काढणे' जवळचं. 'तोंडाची वाफ दवडणे' म्हणजे कुणी ऐकणार नाही तिथे बोलत बसणं. त्यात राग असेलच असं नाही.

'रन आउट ऑफ स्टीम'चा मामला उलटा. आग मंदावली, दाब उतरला, की चढावर गाडी धापा टाकत उभी राहायची. दणक्यात सुरू झालेलं काम मध्येच बारगळलं की हे म्हणायचं. आमच्याकडच्या नाला खोलीकरणाच्या समित्या बघा. आखाजीला नारळ फुटतो, पोळ्याला अध्यक्ष कोण तेही आठवत नाही.

प्रश्न : 'ट्रेन ऑफ थॉट'सुद्धा रेल्वेतूनच आलं का?
— एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : नाही भो! थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने १६५१ सालीच 'ट्रेन ऑफ थॉट्स' लिहून ठेवलंय. वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे इंग्लंडात धावली ती १८२५ मध्ये. एकामागून एक ओढत येणारी रांग ती ट्रेन, मग विचारांची असो की डब्यांची. नवरीच्या गाउनचा मागे लोळणारा घोळही ट्रेनच.

'साइडट्रॅक' मात्र आमच्या खात्यातलं. गाडी मुख्य लाईनवरून बाजूला काढायची, तसं बोलणं विषयावरून भलतीकडे न्यायचं. साहेबाने कुणाला बिनकामाच्या टेबलावर बसवलं की आम्ही 'लूप लाईनला टाकला' म्हणायचो, तो त्याचाच चुलतभाऊ.