तुमचे प्रश्न : येशूच्या शेजारचे दोघं खरंच चोर होते का?

प्रश्न : गुड फ्रायडेला आमच्याकडे येशूबरोबर क्रूसावर दिलेल्या दोघांना 'चोर'च म्हणतात, 'भला चोर' तर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण बायबलमधली मत्तय-मार्कची शुभवर्तमानं (येशूच्या चरित्राची पुस्तकं) उघडली की लुटारू आणि लूकचं उघडलं की अपराधी. मूळ ग्रीकमध्ये शब्द कोणता आहे? आणि भल्या चोराचं दिस्मास हे नाव कुठून आलं?
– एक वाचक, वसई

उत्तर : शब्द दोन आहेत आणि गंमत म्हणजे दोन्हीपैकी एकाचाही नेमका अर्थ चोर नाही. भुरट्या चोराला ग्रीकमध्ये क्लेप्तेस म्हणतात, योहान आपल्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत याला हेच म्हणतो (१२:६), कारण तो थैलीतले पैसे गुपचूप काढायचा. क्रूसावरच्या या दोघांना मत्तय आणि मार्क म्हणतात लेस्तेस, म्हणजे वाट अडवून मारहाण करून लुटणारा, येशूच्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला अर्धमेला करून टाकणारे हेच. पण या शब्दाला राजकारणाचा वासही आहे बरं का, इतिहासकार जोसेफस रोमविरुद्ध उठलेल्या टोळ्यांना सरसकट हाच शब्द लावतो. येशूऐवजी ज्याला सोडून दिलं त्या बरब्बाचंच बघा ना, मार्क सांगतो तो दंग्यात खून करणाऱ्यांबरोबर तुरुंगात होता आणि योहान त्याला एका शब्दात लेस्तेस म्हणून मोकळा होतो. शिवाय साध्या चोरीला रोमन कायद्यात मालाच्या दुप्पट नाहीतर चौपट रक्कम भरावी लागायची, क्रूस असायचा तो मुख्यतः गुलाम, दरोडेखोर आणि बंडखोरांसाठी.

आता लूक. त्याचा शब्द काकूर्गोस (२३:३२), काकोस म्हणजे वाईट आणि एर्गोन म्हणजे काम, थोडक्यात दुष्कर्मी. त्याने केलं काय ते यातून कळत नाही. जुन्या अथेन्समध्ये मात्र हे चक्क कायद्यातलं कलम होतं, त्यात चोर यायचे, अंगावरची वस्त्रं पळवणारे यायचे, माणसं पळवून गुलाम म्हणून विकणारे यायचे, भिंत फोडून घरात शिरणाऱ्यांनाही याच रांगेत बसवायचे, असा माणूस सापडला की लोक त्याला धरून थेट 'अकरा जण' नावाच्या तुरुंग-अधिकाऱ्यांकडे न्यायचे आणि गुन्हा कबूल केला की खटलाबिटला नाही, सरळ मृत्युदंड. हेरोदेस नावाच्या माणसाच्या खुनाच्या केसमधला आरोपी तर कोर्टात भांडतो की मला काकूर्गोस म्हणून पकडलंच कसं, खुनाचा कायदा वेगळा आहे! (हे भाषण त्याला अँटिफोनने लिहून दिलं होतं.) लूक इतका काटेकोर अर्थ धरत नाही, त्याच्याकडे तो नुसता गुन्हेगार. २ तीमथ्य २:९ मध्ये प्रेषित पौल मी काकूर्गोससारखा बेड्यांत आहे म्हणतो तेही तसंच.

मग लूकने लेस्तेस का टाळला? माझं मत विचाराल तर येशूच्या शेजारी बंडखोर होते असं रोमन वाचकाच्या डोक्यात यायला नको म्हणून, त्याच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात येशूबद्दल तीनदा म्हणतो की या माणसात मला दोष सापडत नाही, त्या सुराशी हे जुळतं. अर्थात हा अंदाजच, सगळे अभ्यासक मानतील असं नाही. पश्चात्ताप करणारा 'भला' मात्र फक्त लूककडेच आहे, मत्तय-मार्कमध्ये दोघंही येशूची निंदाच करतात.

दिस्मास हे नाव बायबलमध्ये कुठेच नाही. ते निकदेमाच्या नावावर असलेल्या नंतरच्या एका ग्रंथातून आलंय, दुसऱ्याचं नाव गेस्तास तेही तिथलंच.