अपरिग्रह आणि हक्कसोड पत्र

'योगातले संतोष (आहे त्यात समाधान), अपरिग्रह (वस्तूंचा हव्यास न धरणं) हे सगळं खरं मानलं, तर आपल्या हक्काचं मागायचंच नाही का?' हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे फिरून फिरून येतो. विचारणारी बहुधा बाई असते. नागपुरात योगवर्गांना तोटा नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या परंपरेत तर कित्येकांच्या दोन-दोन पिढ्या योग शिकल्या. त्यामुळे यम-नियमांची (योगातल्या आचरणाच्या नियमांची) नावं इथल्या बऱ्याच घरांत तोंडपाठ असतात. अडचण सुरू होते ती आसनांची सतरंजी गुंडाळल्यावर.

एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख कळू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, शाळेत शिक्षिका, पहाटेचा योगवर्ग सहसा न चुकणाऱ्या. वडील गेले, आई आधीच गेलेली. मानेवाडा रोडकडचं घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही. मोठ्या भावाने हक्कसोड पत्राचा (मिळकतीतला आपला वाटा सोडून देण्याच्या दस्ताचा) मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "तू तर योग करतेस, तुला काय करायचं आहे घराचं?"

वाक्य कुठे लागतं हे भावांना बरोबर माहीत असतं.

"मॅडम, झोपच नाही येऊन राहिली. सही करतो म्हटलं की छातीत गच्च होते. नाही करत म्हटलं की वाटते, मी लोभी आहे का जी?" हे बोलताना मसुद्याची प्रिंट त्यांच्या मांडीवर होती आणि अंगठ्याने तिचा एकच कोपरा दुमडणं-उलगडणं चाललं होतं. तो कोपरा कापडासारखा मऊ पडला होता. घरीही हेच चालत असणार.

कायद्याचं आधी उरकलं, कारण अर्धी भीती अज्ञानाची असते. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. त्यांचा समज होता की मुलींना हक्क 2005च्या दुरुस्तीने मिळाला आणि तोही भांडल्यावर. ती दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दलची. घरातल्या त्यांच्या वाट्याला 1956चाच कायदा पुरेसा होता. हक्कसोड पत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की ते मागे घेणं फार अवघड. म्हणून म्हटलं, वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, आणि दादाला आज उत्तर द्यायचीही गरज नाही.

मग त्यांच्या मूळ प्रश्नाकडे आलो. त्यांना मानसशास्त्राची भाषा नको होती, पतंजलींची योगसूत्रं हवी होती. मलाही ते सोयीचंच. ज्या शब्दांनी माणूस स्वतःला टोचून घेतो, त्याच शब्दांतून गाठ सोडवलेली बरी.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहाचं स्पष्टीकरण फार नेमकं आहे: वस्तू मिळवण्यात, राखण्यात, तिच्या नाशात, तिच्यातल्या आसक्तीत आणि तिच्यापायी होणाऱ्या हिंसेत दोष दिसला म्हणून ती न स्वीकारणं. दोष दिसायला हवा, आणि तो ज्याने सोडायचं त्यालाच. दादाला माझ्या आसक्तीतला दोष दिसला म्हणून मी सोडलं, हे त्यात कुठेच बसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की यम हे दुसऱ्याला लावायचे नियमच नव्हेत. घरात, कचेरीत, संस्थेत कोणी तुम्हाला अपरिग्रह शिकवू लागलं, तर आधी त्यांच्या हातात काय जातंय ते बघावं.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं (प्रकरणातलं) 34वं सूत्र त्यांनी पाठ केलेलं होतं, पण स्वतःला लावून कधी पाहिलं नव्हतं. हिंसा, असत्य, चोरी वगैरे तीन तऱ्हांनी घडतात असं ते सांगतं: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, करवून घेतलेली आणि चालवून घेतलेली. म्हणजे दडपणाखाली कोणी आपला वाटा नेत असेल आणि आपण पटलेलं नसताना मान हलवत असू, तर आपणही त्या हिशेबात आलो. ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे गप्प राहणं पुण्याचं नाही होत."

इथे थांबलो असतो तर मी त्यांना नुसती भांडायची सनद दिली असती. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा भावाने आणि वहिनीने मारल्या होत्या. ताईंनाही ते मान्य होतं, पण बोलताना त्या ते पटकन उरकत. म्हणून घरी करायला एक गोष्ट दिली. रात्री झोपण्याआधी वहीत दोनच वाक्यं पुरी करायची: 'मी सही केली तर मला दादाकडून हवं आहे...' आणि 'मी सही केली नाही तर मला दादाकडून हवं आहे...' याला स्वाध्याय म्हणा, नाही तर गृहपाठ.

पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडली. दोन्ही वाक्यांचा शेवट जवळपास सारखा होता. दादाने म्हणावं, की हे घर तुझंही होतं.

घराच्या किमतीचं अक्षरही त्यात नव्हतं. पतंजलींच्या हिशेबात वैराग्य म्हणजे तृष्णा उरलेली नसणं. ताईंनी तेव्हा सही केली असती, तर घर गेलं असतं आणि तृष्णा तशीच राहिली असती, वर कडू होऊन. क्लेश (मनाला छळणारी वृत्ती) दबून राहतो, संपत नाही, अशीही एक अवस्था ते सांगतात. त्याला विच्छिन्न म्हणतात. दर राखीला तो उसळला असता.

त्यानंतर ताईंनी भावाला घरी बोलावलं. मी सुचवलं होतं की योगाचा एकही शब्द काढायचा नाही. त्या म्हणाल्या, "दादा, बाबांचं तू आणि वहिनीने केलं, ते मी विसरत नाही. पण घर आपल्या दोघांचं आहे. सोडायचं की नाही ते मी ठरवीन, आणि आत्ता ठरवत नाही." भाऊ चिडला. चहा अर्धा टाकून उठला. पुढे बरेच दिवस फोन नाही. त्या काळात ताईंचा योगवर्गही सुटला, आणि त्याचंही त्यांनी मनाला लावून घेतलं. मी म्हटलं, सोसायटीत दोन चकरा मारा, चालेल.

मग वहिनीचा फोन आला, आधी सांडग्यांच्या निमित्ताने. बोलणं आता सुरू आहे. दादाने अजून ते हवं असलेलं वाक्य म्हटलेलं नाही. वारसा नोंदीच्या अर्जावर मात्र दोघांची नावं घातली आहेत. यंदाच्या मालमत्ता कराचा अर्धा वाटा ताईंनी स्वतः भरला. वकिलाने दोन मसुदे करून ठेवले आहेत, एक वाटणीचा आणि एक हक्कसोडीचा. कोणता वापरायचा ते ताईंनी ठरवलेलं नाही. झोप, त्यांच्याच शब्दांत, "बऱ्यापैकी येऊन राहिली."