५० उंदीर कशासाठी?

नाशिक

सप्रेम नमस्कार,

प्राणी कल्याण आणि जैवनीतीचा पेपर यंदा तुझ्याकडे आला, याचा मला मनापासून आनंद आहे. हा विषय बऱ्याचदा भाषणातच संपतो. मुलं रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांची १९५९ सालची त्रिसूत्री घडाघडा म्हणतात: पर्याय (प्राण्याऐवजी दुसरं काही), कपात (कमी प्राणी), सुधारणा (कमी त्रास). पण समोर प्रयोगाचा प्रस्ताव ठेवला की गप्प. म्हणून सुरुवात प्रस्तावापासूनच कर.

साधाच घे. मधुमेह झालेल्या विस्टार, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना कारल्याचा अर्क द्यायचाय. ५ गट, प्रत्येकात १० उंदीर. वर्गातल्या मुलांना संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समिती म्हणून बसव. खऱ्या समितीत पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ असतो आणि विज्ञानाबाहेरची एक जाणती व्यक्तीही असते. ही शेवटची भूमिका उरलेल्या मुलाच्या गळ्यात घालू नकोस. वर्गातल्या सर्वांत खमक्या मुलीला दे, कारण अडचणीचे प्रश्न तिथूनच यायला हवेत.

पहिला प्रश्न: १०च का? ‘सगळे तेवढेच घेतात’ हे उत्तर चालवून घेऊ नकोस. आधीची आकडेवारी हाताशी नसेल तर एक ढोबळ हिशोब आहे. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची. उत्तर १० ते २०च्या दरम्यान यावं. इथे येतात ४५. गटात ५ घेतले तर २५ वजा ५, म्हणजे २०, काम भागलं. मग कुणीतरी हमखास म्हणेल, ‘दोन-दोनच घेऊ.’ उत्तर येईल ५. एवढ्यावर भरवशाचा निष्कर्ष निघत नाही आणि ते दहा जीवही वाया जातात. कमी संख्या म्हणजे आपोआप दया नव्हे, हे मुलांना फळ्यावर दिसू दे. आधीच्या प्रयोगांचे आकडे असतील तर मात्र सांख्यिकीच्या शिक्षकांकडून रीतसर नमुनासंख्या काढून घे.

आता पिंजऱ्याकडे वळ. प्रस्तावात ‘आठवड्यातून दोनदा सफाई’ असं लिहिलेलं असेल. मधुमेही उंदीर खूप पाणी पितो, तितकाच मुततो. भुसा रात्रीत ओला होतो, अमोनिया साचतो, पाय सोलवटतात. म्हणजे भुसा रोज बदलायचा आणि पाण्याच्या बाटल्या वाढवायच्या. वजन २० टक्क्यांनी घटलं तर त्या उंदराचा प्रयोग थांबवायचा, ही मर्यादा आधीच लिहून ठेवायला लाव. आणि विचार: रविवारी वजन कोण करणार? या एका प्रश्नात निम्मे प्रस्ताव अडकतात.

विच्छेदनाबद्दल वाद घालत बसू नकोस. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १७व्या कलमातच म्हटलंय की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांवर भागत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत.

एक दिवस गोठ्यावर ने. दुपारी जा; गाय कधी बसते, रवंथ कधी करते, हे धारेच्या वेळी दिसत नाही. कुशीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करायची. मिनिटाला ६०च्या वर श्वास गेले तर गाय उष्म्याने त्रासलेली आहे. संकरित होल्स्टीन गाईला एप्रिल-मेचं ऊन सोसत नाही. इगतपुरीकडची देशी डांगी गाय धो-धो पावसात टिकते. तिथे निकष वेगळे लागतील, हेही मुलांच्या लक्षात यावं. वहीत ‘गाय दुःखी आहे’ असं लिहिलं तर खोडायला लाव. ‘मागच्या उजव्या पायावर भार टाकत नाही, सांध्याला सूज, खाली कोबा, गवताचा थर नाही’ असं हवं. मग कारण आपोआप सापडतं आणि मालकाशी बोलायला मुद्दाही मिळतो.

एका दिवसात दोन गोठे करू नकोस. लाळ्या-खुरकूत बुटांवरून जाते. निघताना बूट धुवायचे आणि निरीक्षणांची एक प्रत मालकाला द्यायची, तीही मराठीत.

प्रस्तावाचा कच्चा मसुदा झाला की पाठव, पिंजऱ्याचा भाग आपण दोघं मिळून तपासू.

सस्नेह